मनाईची ओळ

डिचोलीच्या बाजारामागे, कायतानच्या दुकानात
तो डबा आला तांबड्या धुळीसकट.
खाणीचं ऑफिस बंद होऊन कैक वर्षं झाली,
तरी पंख्याच्या पात्यांत ती होतीच.
कायतानने पेपरावर झटकली, म्हणाला,
बाये, ही पावडर बोटीत चढायची राहिली.

सगुणबाब गावसांना फक्त एक फाइल बघायची होती.
अठ्ठावीस वर्षं डोंगर मोजलेला माणूस,
स्टुलावर बसला छत्री मांडीवर घेऊन.

लिनक्स त्यात आधीपासून होतं,
ऑफिसातल्या कुणा पोराने घातलेलं.
मी फक्त नवं केलं, आणि पडद्याचं बिनसलं.
आठशे बाय सहाशे.
अक्षरांच्या कडा पायऱ्यापायऱ्यांच्या,
माउसचा बाण हाताच्या मागून यायचा
जेवून आडव्या झालेल्या माणसाला हाक मारावी तसा.
चित्रं सगळी प्रोसेसर एकटा रंगवत होता.
कार्ड शेजारी बसून नुसती वीज खात होतं.

टर्मिनलात विचारलं, आत कोण आहे?
नाव आलं, कंपनी आली, नंबर आला.
आणि ड्रायव्हरची ओळ
आलीच नाही.

कंपनीचा ड्रायव्हर होता एके काळी.
बंद पेटी; आत काय, ते विचारायचं नाही.
नव्या कर्नेलशी त्याचं पटेना
आणि कंपनीने कळवून टाकलेलं,
या कार्डाशी आता आमचा संबंध नाही.
सगुणबाब हसले.
असंच पत्र मलाही आलं होतं.

दुसरा आहे, मी म्हटलं, उघडा.
ज्यांना कंपनीने एक कागद दिला नाही
त्यांनी लिहिलेला.
कार्डाला एक आकडा द्यायचा, काय होतं बघायचं,
टिपून ठेवायचं, दुसरा द्यायचा.
अशी वर्षं.

म्हणजे भोकं पाडत गेले, सगुणबाब म्हणाले.
आम्हीही तेच.
डोंगर कुठे नकाशा देतो?

मेसा घातलं, काढलं, पुन्हा घातलं.
एकदा पडदा असा काळा झाला की
कायतानने छातीवर खूण केली
आणि शटर अर्धं ओढून जेवायला गेला.
दुसऱ्या दिवशी संध्याकाळी,
एका फोल्डरच्या तळाशी, दोन हजार अकराची तारीख असलेली
एक फाइल सापडली. आत एकच ओळ:
ह्याला आत घेऊ नये.

दोन दिवस मी ज्याला गावभर शोधत होते
तो घरातच होता,
कर्नेलबरोबर आलेला, कपडे करून बसलेला.
दारावर त्याच्या नावाने मनाई.

ओळ पुसली नाही. तिच्याआधी हॅश घातला.
राहू दे, त्या पोराला तेव्हा तसंच करणं भाग होतं.

रीस्टार्ट. काळं.
पंखा. अजून काळं.
मग अक्षरं आली, बारीक,
धुऊन वाळत घातल्यासारखी.

परीक्षेसाठी तीन चक्रं असतात,
तांबडं, हिरवं, निळं, दात्यांत दाते अडकवून.
ती काही ओढत नाहीत, काही उचलत नाहीत.
आम्ही तिघं उगीचच बराच वेळ बघत राहिलो.

मग फाइल. खड्डा उघडला, तळापर्यंत,
जिथे आता पाणी आहे.
सगुणबाबांनी माउस घेतला आणि थर लावत गेले,
बारा, अकरा, दहा, दोन हजार,
एकेक वर्षाने खड्डा वर येऊ लागला.
चौऱ्याऐंशीला डोंगर पुरा झाला.
त्यांनी तो हळूच फिरवला.
कार्ड जरा अडखळलं, मग फिरलं.
मागच्या उतारावर बोट ठेवून म्हणाले,
इथून आम्ही काजू वेचत उतरायचो.

नंतर छत्री नीट करत:
हे कागदावर मिळेल?

प्रिंटरचा ड्रायव्हर वेगळा, मी म्हटलं.
तो शोधावा लागेल.

शोध की, म्हणाले. मी बसतो.